कुणाचीच परीक्षा नसलेला मार्च

यंदा आमच्या बिल्डिंगमध्ये परीक्षेला बसणारं एकही पोर नाही, आणि याचं दुःख हैदराबादच्या अख्ख्या नारायणगुड्यात एकट्या मला आहे.

वरच्या मजल्यावरची दोन पोरं कॉलेजात गेली, खालच्या मजल्यावरची सिरीषा इंजिनियरिंगला. तिच्या समोरच्या घरातला मुलगा मागच्या वर्षी दहावीतून सुटला. बाकीची पोरं अजून पाचवी-सहावीत आहेत, त्यांच्या परीक्षेला कोण विचारतो! मार्च तर रीतसर आलाय. रस्त्यावरचा कडुलिंब फुलला आहे, जिन्यात त्याच्या बारीक फुलांचा कचरा येऊन पडतो. नळाला एक दिवसाआड पाणी. सकाळी टँकरपाशी भांडणं. समोरच्या शाळेच्या भिंतीवर परीक्षेच्या नंबरांचे कागद चिकटवलेत आणि पोरं एकमेकांच्या खांद्यावरून माना उंचावून ते वाचतायत. सगळं सालाबादप्रमाणे. फक्त आमच्या बिल्डिंगमधले आठ टीव्ही बंद झालेले नाहीत.

लोकांची पोरं पास होऊन मार्गाला लागली तर आपण बरं म्हणावं, एवढं मलाही कळतं. म्हणते मी बरं. पेढे आणून दिले तर खाते. पण मनातून चडफडते, ते काही लपत नाही. परवा आमचे हे म्हणालेसुद्धा, "अगं, कुणीतरी नापास व्हावं अशी वाट बघतेस की काय?"  

झालं असं. मी हौशी रेडिओवाली आहे. म्हणजे स्वतःचा ट्रान्समीटर, स्वतःचा रिसीव्हर, गच्चीवर एक लांब तार, आणि सरकारनं दिलेलं एक नाव. इंग्रजी अक्षरं आणि आकडा मिळून होणारं, जगात दुसऱ्या कुणाचं नसणारं. ते नाव मोर्सच्या टिंबं-रेघांत हवेत सोडायचं आणि विचारायचं, कुणी आहे का? कुठल्या तरी गावात कुणीतरी कान लावून बसलेला असतो, तो आपलं नाव सांगतो. एवढंच. पुढे हवापाणी, नाव, गाव, रामराम. बाकी काही नाही. पण ज्याला आपण ओळखत नाही, ज्याला आपल्याकडून काही नको, असा माणूस केवळ हाक ऐकू आली म्हणून उत्तर देतो, याची गोडी एकदा लागली की सुटत नाही. मला विसाव्या वर्षी लागली. कॉलेजात आमचे प्रॅक्टिकलचे सर पाच-सहा जणांना शिकवायचे. मुलगी मी एकटीच. अफझलगंजच्या पलीकडच्या भंगारवाल्यांकडून लष्कराचे जुने व्हॉल्व्ह शोधून आणायचे, त्यासाठी सकाळी जाऊन दुपारपर्यंत उकिडवं बसायचं. ते भंगारवाले मला म्हणायचे, "बेटी, ये लड़कियों का काम नहीं." मी म्हणायचे, "हौ चचा, वो नीचे वाला दिखाव." रेडिओवाल्यांच्या बोलीत तर बाई सत्तरीची झाली तरी 'तरुण मुलगी'च. आणि कुणाची बायको असली की 'माजी तरुण मुलगी'. आम्ही हसून हसून बेजार व्हायचो. मी कधी माजी होईन हे त्या वेळी डोक्यात नव्हतं.

लग्न झालं, लातूरला गेले. लायसन्सच्या नूतनीकरणाचं पत्र माहेरी आलं. वडिलांनी ते, लेक दिवाळीला येईल तेव्हा देऊ म्हणून, पंचांगात ठेवलं. त्या दिवाळीला मी बाळंतीण होते. पुढच्या दिवाळीला सासरे आजारी. दोन वर्षांनी गेले तेव्हा वडिलांनी हौसेनं पंचांग उघडून पत्र हातात ठेवलं. मुदत केव्हाच संपली होती. त्यांना वाटलं, जपून ठेवलं म्हणून मी खूश होईन. त्यांना काय बोलणार! आत जाऊन रडले आणि बाहेर येऊन फराळाचं वाढलं. पण खरं सांगायचं तर अजून राग आहे. वडिलांचा नाही. पोस्टात एक टपालकार्ड टाकून विचारायला मला दोन वर्षं जमलं नाही, त्याचा.

यांच्या बदलीनं हैदराबादला परत आलो, हिमायतनगरच्या शाळेत मी वीस वर्षं विज्ञान शिकवलं. पन्नाशी उलटली, मुलगी पुण्याला कॉम्प्युटरच्या नोकरीत लागली, मी मुदतीआधी शाळा सोडली. म्हटलं आता आपलं काहीतरी करू. मुलगी फोनवर म्हणाली, "आई, आता कशाला ते कट्ट-कट्ट? खाली एसटीडी बूथ आहे ना, कुणालाही फोन लाव." पोरीला कसं समजावणार, कुणालाही म्हणजे ओळखीच्यालाच ना! एसटीडी बूथवर जाऊन कुणी 'कुणी आहे का' असं विचारतं का?

आणि दिवस तरी कसे आले होते. आमच्या वेळी एक कॉइल मिळवायला महिना लागायचा, आता कोठी बाजाराच्या गल्लीत काचेच्या कपाटांतून सगळं मांडलेलं. जपानी, सिंगापुरी, जे म्हणाल ते. देश खुला झाला म्हणत होते, तो खरंच खुला झालेला दिसत होता. सिकंदराबादच्या एका म्हाताऱ्या रेडिओवाल्यानं डोळे गेले म्हणून आपला सेट मला दिला. मी गच्चीवर लोखंडी पाइप उभा केला, तार ताणली, घरात येऊन मोठ्या ऐटीत रिसीव्हर लावला. आणि ऐकू काय आलं? खर्रर्र. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नुसतं खर्रर्र.

आधी वाटलं सेट बिघडला. उघडला, तपासला, झाकला. मग वाटलं कान गेले. डॉक्टरला दाखवले. चांगले होते. शेवटी एक दिवस गच्चीवर गेले तर माझ्याच पाइपला, माझ्याच तारेच्या खाली, पत्र्याची एक डबी आवळून बसवलेली. तिच्यातून काळ्या केबली निघून आठ दिशांना आठ घरांत गेलेल्या. केबल टीव्हीचा बूस्टर. गुरगुरत होता मेला.

केबलवाला यादगिरी. बोलायला गोड, हात मात्र कुठंही चालवणारा. मी त्याला जिन्यात गाठलं. "पाइप माझा आहे. विचारल्याशिवाय डबी कशी लावलीस?"

"अम्मा, पाइप खाली था, लगा दिया. पूरी बिल्डिंग के वास्ते है ना."

"मला काही ऐकू येत नाही त्यानं."

"आवाज बढ़ाव ना अम्मा," यादगिरी म्हणाला. "पाइप आपका, मगर हवा तो सबकी है."

भांडून भांडून ती डबी त्यानं दहा फूट लांबच्या भिंतीवर सरकवली. काडीचा फरक पडला नाही. बिल्डिंगच्या बैठकीत विषय काढला तर सगळ्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी नळ बंद करा म्हणाले. इतकी वर्षं एका दूरदर्शनवर काढलेली माणसं ती, नुकती कुठं चॅनल बदलायला शिकली होती. त्यांचंही खरं होतं. पण माझं खोटं होतं का?

त्यात मला नव्यानं परीक्षा द्यायची होती. लायसन्स एकदा गेलं की सरकारला तुमचं पूर्वीचं काही आठवत नाही. मिनिटाला बारा शब्द मोर्समध्ये उतरवून घ्यायचे, तेवढेच हातानं पाठवायचे. हिवाळ्यात पहिल्यांदा बसले आणि साफ आपटले. येत नव्हतं असं नाही. एक अक्षर सुटलं. ते काय असेल, ते काय असेल, याचा विचार करत बसले तोवर पुढचे दोन शब्द निघून गेले. मग त्या दोन शब्दांचा विचार. नवशिके हीच चूक करतात. आमचे सर ओरडायचे, "सुटलं ते सुटलं, पुढचं पकड!" वीस वर्षं पोरांना हेच सांगणारी मास्तरीण मी, आणि पेपर कोरा देऊन आले. परीक्षक माझ्या मुलीच्या वयाचा. म्हणाला, "मॅडम, प्रॅक्टिस कमी पडली." अरे, प्रॅक्टिस कशावर करू? खर्रर्रवर?

आणि मग तो मार्च आला. दोन वर्षांपूर्वीचा.

त्या वर्षी बिल्डिंगमध्ये तीन पोरं परीक्षेला होती. सिरीषाची इंटरची, म्हणजे बारावीची, आणि वरच्या दोघांचीही तीच. सिरीषाची आई पद्मा, आमच्या बरोबर खाली राहते. शिवरात्र झाली तशी पद्मानं सगळ्या आयांना आपल्या घरी बोलावलं, पुलिहोरा, म्हणजे चिंचेचा भात, खायला घातला आणि ठराव करून टाकला. परीक्षा होईपर्यंत अख्ख्या बिल्डिंगची केबल बंद. एका घरात टीव्ही लागला तर आठ घरांत ऐकू जातो, तेव्हा बंद म्हणजे सगळ्यांचीच. बाप लोक कुरकुरले. मॅचचं काय, म्हणाले. पद्मा म्हणाली, "मॅच देखना तो होटल में जाव." दुसऱ्या दिवशी सकाळी यादगिरीनं येऊन बूस्टरचा प्लग काढला. दरवर्षी शहरात कितीतरी घरांत असं करतात. मला त्याचं काही वाटायचं कारण नव्हतं.

मी दुपारी सहज रिसीव्हर लावला. हेडफोन चढवले. आणि बाई गं!

काहीच ऐकू आलं नाही. म्हणजे अगदी रिकामं नाही, ज्याच्यात काहीतरी दडलेलं असतं तसं 'काही नाही'. मऊ सळसळ. मी श्वास धरून बटण केसभर फिरवलं. लांबून, बारीक, एकानं दुसऱ्याला विचारलेलं ऐकू आलं, तुमच्याकडे पाऊस आहे का? दुसरा म्हणाला, नाही, पण आंबा झडला. एवढंच. पंचवीस वर्षांनी मी ते अक्षर-अक्षर कानानं उचललं. कुठला आंबा, कुणाचा आंबा, देव जाणे. हेडफोन काढला तेव्हा गाल ओले होते आणि भात लागल्याचा वास सगळ्या घरभर झाला होता. आमचे हे वर्तमानपत्र खाली करून म्हणाले, "करपलं काहीतरी." मी म्हटलं, "करपू द्या."

त्या महिन्यात मी सुखी होते, हे लिहून ठेवते. सकाळी पाणी भरून झालं की बसायचे, दुपारी जेवण उरकलं की बसायचे. सोलापूरकडचा एक जण पहाटेपासून असायचा, अक्षरं फटाफट पाठवायचा, त्याचं ऐकायचं म्हणजे धावत्या माणसाबरोबर बोलायचं. केरळातल्या दोघांचं रोज चार वाजता बोलणं चालायचं, त्यातला एक दर वाक्याला स्वतःच्या गुडघ्यांची माहिती द्यायचा. मला बोलायची परवानगी नव्हती, लायसन्स नसताना ट्रान्समीटरला हात लावला असता तर गुन्हा. नुसतं ऐकायचं. हातानं पाठवायचा सराव मात्र करायचा होता, म्हणून लाकडी पाटावर मोर्स ठोकायची पितळेची 'की' बसवून मी रोज तासभर ठोकत बसायचे.

तिसऱ्या दिवशी पद्मा वर आली. दारातूनच म्हणाली, "सुमनक्का, ऊपर से टुक-टुक टुक-टुक आरा. सिरीषा का परसों फिजिक्स है. सर पकड़ के बैठी है बच्ची."

घ्या! ज्या परीक्षेपायी बिल्डिंग शांत झाली, त्या परीक्षेपायी मीही शांत व्हायचं. मला इतका संताप आला, की म्हणावं, तुमचे आठ टीव्ही मी दोन वर्षं ऐकले, माझी टिचभर टुक-टुक तुम्हाला जड झाली? माझीही परीक्षा आहे म्हटलं तिला. पद्मा आधी हसली. मग मी हसत नाही असं तिनं बघितलं. "सच्ची?" म्हणाली. "इस उमर में?"

"हौ. या उमर में," मी म्हटलं. "आणि एकदा नापास पण झालेय."

ती खाली जाऊन दोन जुन्या रजया घेऊन आली. आम्ही दोघींनी त्या पाटाखाली घड्या घालून ठेवल्या. "अब मारो," म्हणाली, आणि खाली पळाली. मी ठोकलं. खालून तिनं ओरडून सांगितलं, "नहीं आरा!" असा माझा सराव झाला. एप्रिलमध्ये मी परीक्षेला बसले. मध्येच एक अक्षर सुटलं.  मी पेन उचललं आणि पुढचं पकडलं. पास झाले. सिरीषाही पास झाली, चांगल्या मार्कांनी. पेढे दोन्ही घरांतून निघाले.

आता गोष्ट इथं संपली असती तर बरं होतं. पण सरकार आहे ना! पास झाल्यावर अर्ज दिल्लीला. दिल्लीहून कागद पोलिसात. पोलीस घरी आला, ट्रान्समीटरकडे बघून म्हणाला, "अम्मा, पाकिस्तान लगता क्या इसमें?" मी म्हटलं, "लगेगा तो तुमकोच बताऊंगी." तो हसला, कागद मात्र चार महिने त्याच्या टेबलावर राहिला. पुढचा मार्च आला. सिरीषाच्या समोरच्या मुलाच्या दहावीसाठी केबल पुन्हा बंद झाली, हवा पुन्हा धुतल्यासारखी स्वच्छ झाली, आणि माझ्याकडे लायसन्स नाही. ते आलं आषाढात. तोवर यादगिरीनं चॅनल दुप्पट केले होते आणि बूस्टर एकाचे दोन. दात होते तेव्हा चणे नव्हते, चणे आले तर दात गेले. म्हणीत ऐकलं की हसू येतं. स्वतःवर आलं की नाही येत.

तरी मी बसले. जुनं नाव मिळालं नाही, ते सरकारनं दुसऱ्या कुणाला देऊन टाकलं होतं. नवी अक्षरं घेतली, पाठ केली. श्रावणापासून रोज दुपारी तीन वाजता ट्रान्समीटर तापवायचा आणि हाक मारायची. माझं नाव, माझं नाव, कुणी आहे का? मग हेडफोन दाबून ऐकायचं. खर्रर्र. पुन्हा हाक. खर्रर्र. गणपती गेले, दसरा गेला. रोज तासभर. हे सुरुवातीला विचारायचे, "आज कोण भेटलं?" मग विचारेनासे झाले, ते जास्त लागलं. मुलीनं फोनवर विचारलं तर मी खोटं सांगितलं, भेटतात म्हणून, आसामपर्यंत जाते म्हणून. दिवाळीच्या आधी एके दिवशी मी हेडफोन काढून टेबलावर आपटला. म्हटलं कुणाला पडलीय? सगळं जग टीव्हीपुढे बसलंय, हाक ऐकायला रिकामं कोण आहे? पंचवीस वर्षं माझ्या वाट्याची जागा राखून कुणी बसलं नव्हतं, हे आता तरी समजून घे बाई. सेटवर टेबलक्लॉथ टाकला. त्यावर फुलदाणी ठेवली.

गेल्या आठवड्यात टपाल आलं. आमच्यात बोलणं झालं की एकमेकांना कार्ड पाठवायची रीत आहे, आणि ती कार्डं रेडिओवाल्यांच्या क्लबामार्फत गठ्ठ्यानं येतात, वेळेवर कधीच नाही. मला कुणाचं कार्ड येणार? मी बोललेच नव्हते कुणाशी. तरी एक होतं. आसामातल्या एका गावाहून, निवृत्त स्टेशनमास्तरचं. माझं नवं नाव बरोबर लिहिलेलं. तारीख दसऱ्याच्या दुसऱ्या दिवसाची, वेळ दुपारी तीन वाजून दहा मिनिटं. खाली थरथरत्या इंग्रजीत, 'तुमची हाक अगदी स्पष्ट ऐकू आली. हात सुंदर आहे, जुन्या वळणाचा. मी चार वेळा उत्तर दिलं. तुम्ही दर वेळी पुन्हा कुणी आहे का असं विचारत राहिलात. पुढचे तीन दिवसही तसंच झालं. तुमच्याकडे काही अडचण असावी. मी रोज या वेळी इथे असतो.'

मी ते उभ्यानं वाचलं, मग बसून वाचलं. हे मागून वाचत होते. म्हणाले, "म्हणजे होतं की कुणीतरी." मी यांच्यावर एवढी खेकसले की ते चप्पल घालून भाजी आणायला गेले. त्यांचं काय चुकलं होतं! तो म्हातारा चार-चार वेळा सांगत होता, आहे, मी आहे, आणि मी त्याच्या तोंडावर विचारत होते, कुणी आहे का. एकदा नाही, चार दिवस. आणि वर रागावून फुलदाणी ठेवून दिली.

तीन दिवस मी दारोदार फिरले. तीन ते साडेतीन, अर्धा तास केबल बंद ठेवाल का? कुणी म्हणालं, आंटी, त्याच वेळी आमची सीरियल. कुणी म्हणालं, सगळे तयार असतील तर आम्ही पण. कुणाची परीक्षा असती तर एका शब्दात बंद झाली असती.

काल तीनला पाच मिनिटं कमी असताना मी गच्चीवर गेले आणि दोन्ही बूस्टरचे प्लग उपटले.

खालच्या मजल्यांवर लगेच दारं वाजायला लागली. "केबल गई क्या?" "यादगिरी को फोन लगाव!" पावलं जिन्यात चढायला लागली. पहिली वर पोचली ती पद्मा, केस मोकळे, हातात रिमोट. "अक्का, आप निकाले?"  कंबरेला खोचलेलं कार्ड काढून तिच्या हातात दिलं. पद्मानं ते सावकाश वाचलं, ओठ हलवत, शेवटपर्यंत. मग वळली, जिन्याच्या कठड्यावरून वाकली आणि ओरडली, "ऊपर काम चलरा! आधा घंटा लगता! सबर करो!"

मी खाली धावले. टेबलक्लॉथ ओढला. हेडफोन चढवला, तर आत तीच मऊ सळसळ. मी आसामच्या त्या स्टेशनमास्तरच्या नावानं हाक मारली आणि थांबले. पुन्हा मारली, थांबले. साडेतीनपर्यंत बारा वेळा. कुणी आलं नाही. कदाचित आजारी असेल. कदाचित कंटाळला असेल. दसऱ्याला आता पाच महिने झाले.

पद्मा दारात उभी होती. "मिला?"

मी मान हलवली, नाही.

"तो कल फिर काम निकालेंगे," ती म्हणाली, आणि प्लग लावायला गच्चीकडे गेली.